आबास्नी सांगा, तिसरी भाकरी नको

आमच्या धाकट्या भावाची बायको लग्न होऊन या घरात आली त्याला आता एक पिढी होत आली. एवढ्या काळात ती माझ्याशी एक शब्दही बोललेली नाही, आणि माझ्याविषयी तिच्याइतकं बोललेलं माणूस या पृथ्वीतलावर दुसरं नसेल. धाकट्या सुनेनं थोरल्या दिराशी थेट बोलायचं नाही, ही आमच्याकडची जुनी रीत. आमच्या गावात, लासुर्ण्यात, आता ती कोणी पाळत नाही. नव्या सुना थोरल्या दिराच्या मोटरसायकलवर मागं बसून बाजाराला जातात. आमच्या घरात मात्र ती टिकली. मला ती सोयीची होती, आणि धाकटीला, मला वाटतं, तिच्यात गंमत सापडली होती. मी ओसरीवर खुर्चीत, धाकटी आत चुलीपाशी, आणि मधल्या उंबऱ्याजवळ पाटावर माझी बायको, म्हणजे घरातली थोरली, अशी आमची बैठक असायची. धाकटी आतून म्हणायची, "अक्का, आबास्नी सांगा, च्या गार झाला." मला ते लख्ख ऐकू यायचं. तरी थोरली माझ्याकडे वळून म्हणायची, "चहा गार झाला म्हणती." मी थोरलीला म्हणायचो, "घेतो." थोरली आत वळून सांगायची, "घेतो म्हणत्यात." एका कपाला चार निरोप लागावेत असा कारभार. थोरली घरात नसली तर धाकटी म्हशीला मध्ये घालायची. गोठ्यातून आवाज यायचा, "म्हशे, आबास्नी म्हणावं, गोळी घ्यायची राह्यली." म्हैस काही निरोप पोचवत नसे, पण मी निमूट गोळी घेत असे.

मी पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होतो. आमच्या खात्यात एक नियम होता: चुकीची नोंद खोडायची नाही. तिच्यावर रेघ मारायची, शेजारी बरोबर नोंद लिहायची आणि खाली सही करायची. धाकटीच्या नावावर गावात एक चुकीची नोंद आहे. बारामतीला शिकायला गेली, तिसरं वर्ष झेपलं नाही, नापास होऊन घरी बसली, अशी. ती नोंद माझ्या तोंडून झाली. ती कशी झाली ते पुढे येईलच. पण नुसती रेघ मारून भागणार नाही. जिच्याविषयी ती आहे ती बाई कोण होती हे आधी सांगायला हवं, नाहीतर नुकसान किती झालं ते कळायचं नाही.

तिच्या मुलीची बारावी झाली, तेव्हा मुलीचा प्रवेश घ्यायला धाकटा, धाकटी आणि पोरगी असे तिघं बारामतीला गेले. सकाळी तिघं गेले ते संध्याकाळी दोन विद्यार्थिनी आणि एक हबकलेला नवरा असे परत आले. झालं असं, की पोरगी कॉलेजच्या रांगेत उभी होती आणि धाकटी भाकरीचं गाठोडं मांडीवर घेऊन शेजारच्या अभ्यासकेंद्राच्या बाकावर बसली होती. बाहेरून शिकणाऱ्यांसाठीचं ते केंद्र. समोरच्या भिंतीवर 'अन्न व पोषण' असा कागद चिकटवलेला. तिनं तो वाचला, उठली आणि खिडकीतल्या माणसाला विचारलं, "बारावी कोणच्या बी शाखेची चालती का?" तो म्हणाला, चालते. वय? चालतं. आणि वर्षानं सोडलं तर? प्रमाणपत्र मिळतं. दोन वर्षांनी? पदविका. तिन्ही केली तर पदवी. "आन् मधीच सोडून परत आलं तर?" तो म्हणाला, "जिथं सोडलं तिथून पुढं. केलेलं वाया जात नाही, नावावर जमा राहतं. मुदतीच्या आत यायचं फक्त." धाकटी म्हणाली म्हणे, "संसारापरीस बरं हाय की वो. सोडता बी येतंय, आन् परत बी येता येतंय." खिडकीतला माणूस हसला. मग त्यानं विषय वाचून दाखवले. लहान मुलांचा आहार, रुग्णांचा आहार, पदार्थ टिकवणं, खानावळ चालवणं; यातले आपल्याला हवे ते निवडायचे. तिचा पुढचा प्रश्न होता, "आन् सगळंच पायजे असल्यावर?"

ही हकिकत धाकट्यानं ओसरीवर हसत हसत सांगितली. आतून थोरलीमार्फत परवानगी मागितली गेली. मी म्हणालो, "वर्षानं सोडता येतं ना? मग करू दे." त्या शिक्षणाला दारं पुष्कळ होती हे आम्हा दोघांनाही आवडलं होतं. धाकटीला त्यातलं आत यायचं दार दिसलं आणि मला बाहेर जायचं. आज वाटतं, पुढचं सगळं त्या एका वाक्यात होतं.

मग आमच्या घरात विद्या शिरली. धाकटीला अभ्यासाला वेगळा वेळ नव्हता, म्हणून ती पुस्तक पिठाच्या डब्याला टेकवून उभं करायची आणि भाकरी उलटली की पान उलटायची. कोणतं प्रकरण चालू आहे हे मला ओसरीवर भाकरीवरून कळायचं. 'तृणधान्ये' सोपं गेलं असावं, कारण भाकऱ्या टम्म फुगल्या. 'चयापचय' नावाचं प्रकरण चालू होतं तेव्हा आठवडाभर आम्ही कोळसा खाल्ला. धाकटा एकदा कुरकुरला, "अगं, हे काय, भाकरी हाय का तवा हाय?" आतून उत्तर आलं, "गप खावा. तुमच्या पोटात काय चाललंय त्येच वाचाय लागलीया."

दर रविवारी ती एसटीनं बारामतीला जायची आणि येताना एक नवीन खूळ घेऊन यायची. एका रविवारी शेवग्याचा पाला आला. तो भाकरीत गेला, आमटीत गेला, थालीपिठात गेला. आमच्या भाकऱ्या हिरव्या झाल्या. शेजारीण डोकावून म्हणाली, "ज्वारीला बुरशी लागली व्हय गं?" दारचा शेवगा बोडका झाला आणि आमची शेरडं आमच्याकडे रागानं बघायला लागली. पुढच्या रविवारी आमच्या बागेतले पेरू तोलायचा इलेक्ट्रिक काटा शेडमधून उचलून चुलीशेजारी आला. तेव्हापासून या घरात भाकरी तव्यावरून थेट ताटात पडलेली नाही. आधी काट्यावर बसायची, काटा टीं करून ओरडायचा, मग ताटात. माझ्या वाट्याला दोन ठरल्या. जन्मभर मी चार खाल्लेल्या. मी थोरलीला म्हणालो, "अजून एक टाक." आतून काट्याच्या टीं पाठोपाठ आवाज आला, "अक्का, आबास्नी सांगा, तिसरी भाकरी नको. आबा आता कालव्यावर चालत न्हाईत, खुर्चीवर चालत्यात." थोरली पदर तोंडाला लावून हसली आणि तिनं तो निरोप मला शब्दशः पोचवला. एरवी ती निरोप थोडा मऊ करून द्यायची; असे निरोप मात्र जसेच्या तसे.

सगळ्यात मोठं खूळ म्हणजे तिचा प्रश्न. समोरच्यानं कालच्या दिवसभरात काय काय खाल्लं ते त्याच्याकडून वदवून घ्यायचं, असा एक धडा होता. धाकटीनं तो धडा एवढा मनावर घेतला, की "राम राम" आणि "कसं काय" तिच्या तोंडातून गेलंच. भेटेल त्याला, "काल काय खाल्लं?" एसटीच्या कंडक्टरला तिनं विचारलं. तो म्हणाला, "वडापाव." "त्याच्या आधी?" "वडापाव." "आन् रातीला?" तो म्हणाला, "बाई, तिकीट घ्या." पुढच्या रविवारी ती त्याच्यासाठी मटकीची उसळ आणि भाकरी घेऊन गेली, आणि त्यानंतर ती गाडी स्टँडवर थांबायच्या आधी आमच्या गल्लीच्या तोंडाशी थांबायला लागली. सरपंच एकदा घरी आले तर त्यांना चहाऐवजी हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं मिळालं. त्यांनी ते औषध समजून डोळे मिटून घेतलं आणि जाताना मला बाजूला घेऊन विचारलं, "आबा, आमच्या तब्येतीचं काही कानावर आलंय का तुमच्या?"

शेळगावला आमच्या नात्यातल्या एकाच्या दहाव्याला तर कहर झाला. म्हातारा गेला होता. म्हातारी भिंतीला टेकून बसली होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बाया तिच्या गळ्यात पडून रडत होत्या. धाकटी तिच्यापाशी बसली आणि सगळ्यांच्या देखत तिनं विचारलं, "काकी, काल काय खाल्लं?" बायांमध्ये कुजबुज झाली. धाकट्यानं मान खाली घातली. मला तर जमीन दुभंगावी असं झालं. म्हातारी मात्र तिच्याकडे बघत राहिली आणि हळू आवाजात म्हणाली, "च्या पेलीया बाय, नुसता च्या. त्या दिवसापासनं समदी रडून जात्यात. खाल्लं का म्हणून तूच इचारलंस." धाकटी उठली, त्या घराच्या चुलीपाशी गेली आणि मुगाची पातळ खिचडी टाकून आली. येताना गाडीत ती थोरलीला म्हणाली, आणि मी पुढच्या सीटवर ऐकत होतो, "अक्का, मानूस केलेलं पाप खरं सांगंल, पर ताटातलं खरं सांगनार न्हाय. ज्याच्या घरी हाय त्यो म्हणतोय आपलं साधं, भाकरी-कालवण. ज्याच्या घरी न्हाय त्यो म्हणतोय काल मटण होतं." माझीही उजळणी तिनं एकदा थोरलीकरवी घेतली होती. मी दोन भाकऱ्या, आमटी, कोशिंबीर असं प्रामाणिक तोंडानं सांगितलं. आतून आवाज आला, "स्टँडवरची भजी इसरली म्हणावं." लासुर्ण्याच्या स्टँडवर तिचे हेर होते. कंडक्टर त्यातलाच एक.

ती पहिल्या वर्षी पास झाली. चांगली पास झाली. दुसऱ्या वर्षीही. हे वाक्य मी मुद्दाम सुटं लिहितो आहे, कारण नोंद दुरुस्त करायची ती इथं आहे.

दुसऱ्या वर्षात तिची नजर थोरलीवर गेली. त्या धड्यातला प्रश्न तिनं थोरलीला विचारला तेव्हा थोरली म्हणाली, "सगळ्यांनी खाल्लं तेच." आमच्याकडच्या कोणत्याही घरात कोणत्याही बाईला विचारा, हेच उत्तर मिळेल. त्यात खोटं काही नसतं. घरात काय शिजलं ते ती सांगते. तिच्या पोटात त्यातलं किती गेलं हे तिला कोणी विचारलेलं नसतं, म्हणून तिनंही पाहिलेलं नसतं. धाकटीला ते उत्तर पटलं नाही. ती दोन दिवस थोरलीच्या मागं मागं फिरली. मग कळलं, की थोरली ताटच घेत नाही. सगळ्यांची जेवणं झाली की पातेल्यात राहिलेलं, तव्यावरचं, सकाळचं, असं उभ्यानं तोंडात टाकते आणि वर चहा पिते. धाकटीनं तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली, जीभ बघितली, नखं बघितली. "अक्का, रक्त न्हाय तुमच्या अंगात. पांढरीफटक हाय पापणी." त्या दिवसापासून थोरलीची भाजी लोखंडी कढईत व्हायला लागली, वर लिंबू पिळलं जायला लागलं, जेवणावरचा चहा बंद झाला. आणि एक निरोप माझ्यासाठी आला. तो थोरलीमार्फत येणं शक्य नव्हतं, म्हणून म्हशीमार्फत आला. "म्हशे, आबास्नी म्हणावं, आधी अक्कास्नी वाढू द्या. आबा मागनं जेवलं तर कालवा फुटत न्हाय." मी ऐकलं. माझी जेवायची वेळ मी बदलली नाही.

याच सुमारास इंदापूरला महिलांचा एक आरोग्य मेळावा झाला आणि केंद्रातल्या बाईंनी धाकटीला बोलायला उभं केलं. घरातली बाई शेवटी का जेवते, हा विषय. धाकटीला व्याख्यान ठाऊक नव्हतं. तिनं आपलं घर सांगितलं. "आमच्या घरात सगळ्यात भारी ताट थोरल्या दिराचं. ते कालव्यावरनं रिटायर होऊन लई वरसं झाली, पर त्यांचं ताट अजून कालव्यावरच हाय. आन् आमच्या अक्का उभ्या उभ्या काय खात्यात ते त्यांचं त्यास्नी बी ठाव न्हाय." बाया डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या म्हणे. हे मला तिथं गेलेल्या कोणाकडून कळलं नाही. न्हाव्याच्या खुर्चीत, तोंडाला साबण लावलेला असताना कळलं. न्हावी म्हणाला, "आबा, तुमचं ताट म्हणं अजून कालव्यावरच हाय." दुकानातली माणसं हसली. मीही हसलो; वस्तरा गळ्यावर असताना माणूस दुसरं काय करणार. घरी आलो तो थेट ओसरीवर खुर्चीत जाऊन बसलो. जन्मभर मी हजार शेतकऱ्यांना पाण्याची पाळी ठरवून दिली, आणि माझ्या घरातली पाळी एका बाईनं चव्हाट्यावर मांडली, एवढंच माझ्या डोक्यात होतं. तिनं मांडलेलं खरं आहे की खोटं, याचा मी विचार केला नाही.

त्याच उन्हाळ्यात तिसऱ्या वर्षाचं निघालं. तिनं रुग्णांच्या आहाराचा विषय निवडला होता. त्यासाठी बारामतीच्या एका दवाखान्यात काही महिने रोज काम करायचं होतं, म्हणजे तिथंच खोली घेऊन राहायला हवं. धाकट्यानं नेहमीसारखे हात वर केले. "आबा म्हणतील तसं." मग एका संध्याकाळी, मी ओसरीवर पेपर वाचत असताना, आतून आवाज आला. नेहमीचा चढा, खट्याळ आवाज नव्हता. "अक्का, आबास्नी इचारा. बारामतीला जाऊ का म्हणून."

थोरली माझ्याकडे वळली. "जाऊ का म्हणती."

मी पेपरचं पान उलटलं.

थोरलीनं पुन्हा विचारलं, "अहो, ती इचारती, जाऊ का."

मी पेपर घडी करून खुर्चीवर ठेवला, चपला घातल्या आणि कालव्याकडे फिरायला निघून गेलो.

एवढंच घडलं. मी नाही म्हणालो नाही. नाही म्हणालो असतो तर तिला भांडता आलं असतं, थोरलीला मध्ये पडता आलं असतं, धाकट्यालाही कदाचित कंठ फुटला असता. पण रीतच अशी होती, की बोलणं माझ्याशी नव्हतंच, त्यामुळे उत्तर देणं माझ्यावर नव्हतं. थोरला गप्प बसला म्हणजे नाही, हे आमच्या घरात भिंतींनाही ठाऊक होतं. धाकटी भांडणार कोणाशी? म्हशीशी? ज्या रीतीतून तिनं इतकी वर्षं मला हवं ते ऐकवलं होतं, त्याच रीतीत मी तिला कोंडून घातलं. ती दुसऱ्यांदा विचारायला आली नाही. दोन वर्षांची पदविका तेवढी डाकेनं आली. ती थोरलीनं देव्हाऱ्यापाशी ठेवली.

आणि तेवढ्यावर मी थांबलो नाही. पारावर कोणीतरी विचारलं, "काय आबा, भावजय बारामतीला जानार होती न्हवं?" मी म्हणालो, "तिसरं वर्ष अवघड असतं. झेपलं नाही." कालव्याच्या दाराला बोटभर फट राहिली तरी रातोरात पार टोकाच्या रानापर्यंत ओल जाते, हे मला कोणी शिकवायला नको होतं. माझं वाक्य लासुर्ण्यातून शेळगावला गेलं, तिथून निरवांगीला, म्हणजे धाकटीच्या माहेरी. वाटेत 'झेपलं नाही'चं 'नापास झाली' झालं. तिचे म्हातारे वडील मुद्दाम गाडीत बसून आले. ओसरीवर माझ्यासमोर बसले, पाणी प्याले आणि लेकीला बाहेर बोलावून म्हणाले, "बाय, नापास झालीस व्हय?" मी तिथंच होतो. आता ती सांगणार, असं मला वाटलं. तिनं पदर पुढं ओढला आणि म्हणाली, "व्हय तात्या. लई अवघड होतं." वडील मान डोलवत राहिले. थोरलीनं माझ्याकडे एकदाच बघितलं. कोणताही निरोप नसलेलं ते तिचं बघणं मला अजून पोचतं आहे.

धाकटीनं नंतर मला त्रास दिला नाही. माणसानं चिडावं, आदळआपट करावी, भाकरी जाळावी. तसंही काही नाही. फक्त तिचा तो प्रश्न बंद झाला. लोक भेटले की ती "कसं काय" म्हणायला लागली. कंडक्टर एकदा गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबवून ओरडला, "वैनी, काल पालक खाल्लाय, लिहून घ्या." ती नुसती हसली आणि आत आली. पुस्तकं माळ्यावर गेली. हिरव्या भाकऱ्या पुन्हा पांढऱ्या झाल्या, शेरडांना पाला मिळायला लागला. काटा तेवढा राहिला, आणि थोरलीची लोखंडी कढई.

थोरली तीन पावसाळ्यांमागं गेली. डॉक्टरांनी हृदयाचं कारण सांगितलं. मी धाकटीच्या चेहऱ्याकडे बघितलं. ती काही म्हणेल, काही दोष देईल, अशी माझी अपेक्षा होती. तिनं काहीच म्हटलं नाही. तिसऱ्या वर्षात ती जे शिकणार होती त्यानं थोरली वाचली असती का, हे मला माहीत नाही. तिलाही माहीत नसेल. माहीत करून घ्यायची जी एक वाट होती तिच्यावर मी पेपर धरून बसलो होतो.

सगळ्यांना वाटलं, आता मधलं माणूस गेलं, आता हिला माझ्याशी बोलावंच लागेल. सुतक फिटल्यावर पहिल्या सकाळी मी ओसरीवर बसलो होतो. उंबऱ्याजवळ थोरलीचा पाट तसाच होता. आतून आवाज आला, "अक्का, आबास्नी सांगा, च्या गार झाला." पाटावर कोणी नव्हतं. मी पाटाला म्हणालो, "घेतो." तेव्हापासून आमचं असंच चालू आहे. घरात आता एक बदल आहे. माझं ताट आलं की धाकटी आपलंही ताट वाढून घेते आणि उंबऱ्याच्या आत, माझ्याकडे पाठ करून, माझ्याच वेळेला बसून जेवते. ही सुधारणा थोरलीच्या हयातीत झाली असती तर, असं मला रोज दोन वेळा वाटतं.

परवा पुण्याहून पुतणीचा, म्हणजे धाकटीच्या मुलीचा, फोन आला. तिच्या बोलण्यात सहज निघालं, की आईचं ते दोन वर्षांचं शिक्षण अजून नावावर जमा असेल, असं असतं म्हणे. मला खिडकीतला तो माणूस आठवला. केलेलं वाया जात नाही. मी दिवसभर अस्वस्थ होतो. संध्याकाळी दिवे लागायच्या वेळेला आत चूल पेटली. मी खुर्चीतून उठलो, उंबऱ्यापाशी गेलो, आणि उभ्या आयुष्यात पहिल्यांदा तिला उद्देशून बोललो. "धाकटे, ते तिसरं वर्ष पुरं कर. बारामतीला जा."

भाकरी थापायचा आवाज थांबला. तिनं पदर पुढं ओढून घेतला. मला वाटलं, ती आता माझ्याशी बोलेल. पण पाटाच्या दिशेनं तोंड करून ती म्हणाली, "अक्का, आबास्नी सांगा, मुदत गेल्या साली सरली. म्या इचारून आलेय. आता करायचं तर पयल्यापासनं."

म्हणजे ती मध्यंतरी एकटी जाऊन विचारून आली होती. कोणाला न सांगता, त्याच खिडकीशी.

मला थेट बोलण्याची सवयच नाही. मी माझ्या खुर्चीत येऊन बसलो आणि पाटाकडे बघून म्हणालो, "ऐकलंस का, धाकटीला सांग, ती नापास झाली नव्हती. मी गप्प बसलो होतो. आणि गावात मी खोटं सांगितलं. तिच्या वडिलांच्या देखतही गप्पच बसलो." आत भाकरी थापायचा आवाज पुन्हा सुरू झाला. एक भाकरी पुरी थापून झाली, तव्यावर पडली, उलटली. मग आवाज आला. "अक्का, आबास्नी म्हणावं, ठावं हाय. जेवा."

ताट आलं. त्यात तीन भाकऱ्या होत्या, आणि त्या संध्याकाळी काट्याचा आवाज आलाच नव्हता. ती आपलं ताट घेऊन माझ्याकडे पाठ करून जेवायला बसली. मी तिन्ही भाकऱ्या खाल्ल्या. माफ केलं म्हणून तिनं त्या तोलल्या नाहीत की माझी काळजी करायचा तिला कंटाळा आला म्हणून, हे मला कळलं नाही. आणि विचारून सांगायला मध्ये आता कोणी उरलेलं नाही.